चपलेचा जोड : एका सरकारी वस्तूची हकिकत

जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या साठा नोंदवहीत गोळ्या, सुया, कापूस आणि पट्ट्या यांच्या ओळी संपत आल्या की मध्येच एक निराळी नोंद दृष्टीस पडते : ‘चप्पल, एमसीआर, जोड’. पुढच्या रकान्यात मापे, त्यापुढे आवक, वाटप आणि शिल्लक. नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला या ओळीचे थोडे हसू येते. आरोग्य खात्याने चपला कशासाठी विकत घ्याव्यात? पादत्राणे वाटणे हे समाजकल्याणाचे काम, फार तर निवडणुकीच्या तोंडावरचे. लेखापरीक्षकालाही ही नोंद खटकते, आणि तो ‘औषधेतर वस्तू’ असा शेरा मारून पुढे जातो.

वस्तुतः नोंदवहीतील ही ओळ कोणाच्या दयाबुद्धीने आलेली नाही. ती एका वैद्यकीय शोधामुळे आली. त्या शोधाचा प्रवास वेल्लोरहून अमेरिकेतील लुइझियानापर्यंत झाला आणि तेथून तो एका वेगळ्याच रोगाचे नाव घेऊन भारतात परत आला. आज या चपलेची सर्वांत अधिक गरज ज्यांना आहे ते बहुतेक साठी ओलांडलेले लोक आहेत. म्हणून ही हकिकत जितकी कुष्ठरोगाची आहे तितकीच वार्धक्याचीही आहे.

कुष्ठरोगाविषयी शतकानुशतके एकच समज रूढ होता, तो म्हणजे या रोगात मांस झडते. बोटे गळून पडतात, तळव्याला भोके पडतात, ती भरून येत नाहीत, आणि हे सारे रोगाचेच कर्म आहे. वैद्य असे मानीत, डॉक्टरही असेच मानीत. या समजाचा प्रशासकीय परिणाम सरळ होता. जे झडणारच आहे ते वाचविण्याची सोय कशाला करावयाची? म्हणून १८९८च्या कायद्याने कुष्ठरुग्णाला आश्रमात ठेवण्याची तरतूद केली, पण त्याच्या पायात काय असावे याचा विचार कोणी केला नाही.

१९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांचा जन्म १९१४ साली तमिळ मुलखातील कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला होता. वैद्यकीकडे वळण्यापूर्वी त्यांनी काही वर्षे इमारतबांधणीचे काम, म्हणजे सुतारकी आणि गवंडीकामही, शिकून घेतले होते. पुढच्या हकिकतीत हे शिक्षण त्यांच्या शस्त्रक्रियेइतकेच कामी आले, असे माझे मत आहे. मद्रासजवळच्या चेंगलपेट येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन कुष्ठरुग्णालय चालवीत. तेथे ब्रँड यांनी वाकड्या बोटांचे हात पाहिले आणि या हातांवर शस्त्रक्रिया का होत नाही, असे विचारले. कोणी केलीच नाही, एवढेच उत्तर मिळाले.

हातांवरील शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या. पण बरे झालेले हात पुन्हा जखमी होऊ लागले. तेव्हा ब्रँड आणि त्यांचे सहकारी रुग्णांच्या दिवसभराच्या हालचालींवर पाळत ठेवू लागले. कोणी निखाऱ्यातून रताळे हाताने उचलतो, कोणी गंजलेले कुलूप उघडताना किल्ली इतक्या जोराने पिळतो की बोट कापते, आणि त्याला ते कळतही नाही. रात्रीतून बोटाचा तुकडा नाहीसा होण्याचे प्रकार घडत. रोग मांस खातो याचा हा पुरावाच वाटे. पाळत ठेवल्यावर कळले की झोपलेल्या माणसाची बधिर बोटे उंदीर कुरतडत होते. मग रुग्णांना मांजरे पाळावयास देण्यात आली. आरोग्यसेवेत पुरवठा करावयाच्या वस्तूंची यादी कुठवर जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

निष्कर्ष असा निघाला की कुष्ठरोगाचे जंतू मांस खात नाहीत, ते मज्जातंतू निकामी करतात. वेदना नाहीशी होते, आणि वेदना नाही म्हणून माणूस स्वतःला जपत नाही. आपल्या पायात खडा गेला की आपण दुसऱ्या पावलाला लंगडतो. बधिर पायाचा माणूस त्याच खड्यावर दोन कोस चालतो. चौड्यावर, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांवर, चालताना सर्वाधिक भार येतो. त्याच जागी रोज हजारो वेळा तोच दाब पडला की आतले मांस चेचले जाते, फोड येतो, फुटतो, आणि तळव्याचा व्रण तयार होतो. हा व्रण भरून येत नाही याचेही कारण रोग नव्हे. माणूस त्याच्यावर चालत राहतो, हे कारण. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. जोसेफ खान यांनी अशा पायाला प्लास्टर घालून जखमा भरून आणल्याचे लिहिले होते. विश्रांती मिळाली की बधिर पायही इतर पायांसारखाच बरा होतो. पण माणसाला जन्मभर प्लास्टरात ठेवता येत नाही, आणि उद्या तो पुन्हा रस्त्यावर चालणारच. म्हणून प्रश्न शस्त्रक्रियेचा उरला नाही, चपलेचा झाला.

या चपलेचा शोध दिसतो तितका सोपा नव्हता. मऊ गादी पायाखाली दिली तर ती काही दिवसांत दबून सपाट होते. कडक तळ दिला तर भार पुन्हा त्याच टोकांवर येतो. चामडे घामाने आणि पाण्याने ताठरते, कडा कापतात. लाकडी खडावांचा तर प्रश्नच नाही. वेल्लोर व कारिगिरी येथील मंडळींनी अनेक पदार्थ वापरून पाहिले. कारिगिरीची शीफेलिन संस्था १९५५ साली उभी राहिली होती. अखेर सूक्ष्म बंद छिद्रांचे रबर, म्हणजेच मायक्रोसेल्युलर रबर, पसंतीस उतरले. त्यातल्या हवेच्या कोशिका बंद असल्याने ते पाणी पीत नाही, दाबले तरी पुन्हा वर येते, आणि भार तळव्याच्या मोठ्या भागावर पसरतो. त्याचा कठीणपणा शोअर मापावर पंधरा अंशांच्या आसपास असावा, असे ठरले. बाजारातल्या साध्या हवाई चपलेचे रबर दिसावयास तसेच असते, पण बरेच कडक असते. हा ‘पंधरा’चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

मऊ रबराखाली कडक तळ हवा, नाही तर बाभळीचा काटा सरळ पायात जाईल आणि संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. यासाठी जुन्या मोटारीच्या टायरचे तुकडे वापरले गेले. खिळा कोठेही मारावयाचा नाही, सारे शिवून आणि चिकटवून. कारण चप्पल झिजली की खिळा वर येतो. मागे टाचेला वादी हवी, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तर ती निसटल्याचे मालकाला समजत नाही, तो तसाच पुढे चालत राहतो. अंगठ्याच्या बेचक्यातला पट्टाही टाळावयाचा, कारण तेथे कातडी घासते आणि चप्पल धरून ठेवण्यासाठी बोटे आवळावी लागतात. एवढे सारे नियम पाळून झालेली वस्तू गावातला चांभार दोन तासांत बनवू शकतो. ब्रँड यांनी १९६६ साली बधिर पायांवर एक छोटे हस्तपुस्तक लिहिले. त्यात वैद्यकाइतकेच चांभारकामही होते.

हे सारे सुरू होते त्याच काळात सरकारी कार्यक्रमाची चौकट मात्र वेगळ्या ठिकाणी घडत होती, आणि तिच्यात मराठी मुलखाचा वाटा मोठा होता. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६चे. वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन त्यानंतर लवकरच उभे राहिले. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्र्यांच्या जखमा स्वतः धूत, ही गोष्ट तर आपल्याकडे शाळेत सांगितली जाते. १९५१ साली वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. रा. वि. वर्देकर यांनी तेथे पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसविली. गावोगाव फिरून रुग्ण शोधावा, त्याला आणि गावाला समजावून सांगावे, घरीच गोळ्या द्याव्यात, असे तिचे स्वरूप होते. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली.

वेल्लोरची परंपरा पायाकडे पाहत होती, वर्ध्याची रुग्णसंख्येकडे. दोन्हींची गरज होती. पण सरकारला मोजता येण्यासारखी गोष्ट अधिक भावते, आणि रुग्णसंख्या मोजता येते. शोधलेले रुग्ण, उपचाराखालील रुग्ण, बरे झालेले रुग्ण असे रकाने तयार झाले. न झालेल्या जखमेला रकाना नसतो.

१९८१ साली डॉ. स्वामिनाथन समितीने कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट पुढे ठेवले. १९८३ पासून कार्यक्रमाच्या नावातील ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आले, आणि बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचू लागल्या. त्यानंतर घडले ते भारतीय प्रशासनाच्या खरोखर मोठ्या यशांपैकी एक होय. १९८३ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे ५७.८ रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण ०.९५ वर आले. या काळात एक कोटीहून अधिक माणसे रोगमुक्त झाली. कुष्ठरोगाच्या स्वतंत्र यंत्रणेचे सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीनीकरणही झाले. त्याचे समर्थन करता येते, आणि मी ते करतोही, कारण एका रोगासाठी वेगळा दवाखाना म्हणजे त्या रोग्यासाठी वेगळे दार.

तथापि या यशात एक गोम होती. औषधांचा ठरावीक काळ संपला की रुग्णाचे नाव ‘उपचारमुक्त’ म्हणून नोंदवहीतून कमी होते. जंतू गेले, हे खरेच. पण मेलेला मज्जातंतू परत येत नाही. ज्याचा पाय पंचविसाव्या वर्षी बधिर झाला, तो रोगमुक्त होऊन घरी गेला तरी त्याचा पाय पंचाहत्तराव्या वर्षीही बधिरच असणार. उपचाराची नोंदवही सहा महिन्यांची किंवा वर्षाची, पायाची नोंदवही मात्र पन्नास वर्षांची. आणि ही दुसरी नोंदवही पुष्कळ काळ कोणी ठेवलीच नाही. कायद्याने १९९५ साली आणि पुन्हा २०१६ साली अपंगत्वाच्या व्याख्येत ‘कुष्ठमुक्त व्यक्ती’ असा स्वतंत्र प्रकार मान्य केला. रोग संपल्यावरही काही उरते, हे विधिमंडळाला आरोग्य खात्याच्या रकान्यांपेक्षा आधी उमगले, असे म्हणावयास हरकत नाही.

२००७ साली राष्ट्रीय कार्यक्रमात विकृती प्रतिबंध आणि वैद्यकीय पुनर्वसनाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, आणि चपलेला कागदोपत्री पक्के घर मिळाले. ज्याच्या तळव्याची संवेदना गेली आहे अशा प्रत्येकाला एमसीआर चपला मोफत, साधारणपणे वर्षाला दोन जोड. सोबत स्वतःची निगा राखण्याचा संच. संवेदना तपासण्यासाठी महागडे यंत्र नको, साधे बॉलपेन पुरते. रुग्णाने डोळे मिटावयाचे, कार्यकर्त्याने पेनाच्या टोकाने तळव्यावर ठरलेल्या जागी हलकेच टेकवावयाचे, आणि जेथे टेकले ते रुग्णाने बोटाने दाखवावयाचे. सरकारी कार्यालयात पेनाचा याहून चांगला उपयोग क्वचितच होत असेल.

निगेची रीतही साधी आहे. रोज वीस-तीस मिनिटे पाय साध्या पाण्यात बुडवून ठेवावे, भिजलेले घट्टे खरखरीत दगडाने घासावे, आणि पाय ओले असतानाच तेल किंवा व्हॅसलीन चोळावे म्हणजे ओलावा आत राहतो. मज्जातंतू निकामी झाले की घाम येत नाही, कातडी कोरडी पडून फुटते, आणि भेगांतून जंतू आत शिरतात. म्हणून पाणी आणि तेल. रोज संध्याकाळी तळवा निरखून पाहावा, कोठे लाली, फोड किंवा ऊब वाटते का ते तपासावे. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासा-दोन तासांपेक्षा अधिक घालू नये.

या सूचना लिहिताना डोळ्यांसमोर चाळिशीतला माणूस असावा, असे मला नेहमी वाटते. सत्तरीतल्या माणसाला गुडघा वाकवून स्वतःचा तळवा पाहता येत नाही. आरसा ठेवला तरी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना त्यात काही दिसत नाही. कुष्ठरोगाने पापण्या मिटेनाशा झालेल्यांचे डोळे तर आधीच अधू असतात. हात बधिर असेल तर पाणी कोमट आहे की कढत, हे हाताने कळत नाही, आणि बोटे वाकडी असतील तर बक्कल लागत नाही. म्हाताऱ्या माणसासाठी चप्पल ही अर्धीच सोय. बाकीची अर्धी म्हणजे रोज त्याचा तळवा पाहणारे दुसरे कोणी तरी. देशभर कुष्ठमुक्तांच्या ज्या शेकडो वसाहती आहेत, तेथील रहिवाशांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. पुष्कळांना घरच्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच दूर केले. अशा ठिकाणी काही संस्थांनी निगागट सुरू केले. आठवड्यातून एकदा चार-सहा जणांनी एकत्र बसून पाय भिजवावयाचे आणि एकमेकांचे तळवे पाहावयाचे. जेथे हे गट टिकले तेथे त्यांचा गुण आला. यात खर्च जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात त्याला शीर्षही नाही.

आता पुरवठ्याची बाजू पाहू, कारण प्रशासनाचा खरा कस तेथे लागतो. चप्पल दरकराराने किंवा निविदेने खरेदी होते. सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराला आदेश जातो. पण पंधरा अंशांचे रबर आणि तीस अंशांचे रबर डोळ्यांना सारखेच दिसते. बोटाने दाबून थोडा फरक कळतो, तोही सवय असलेल्याला. कठीणपणा मोजण्याचे हाती धरावयाचे साधन फारसे महाग नाही. तरीही माल उतरवून घेताना मोजले जातात ते जोड, रबराचे अंश नव्हेत. निकृष्ट गोळीने रोग बरा होत नाही, हे सर्वांना मान्य असते. निकृष्ट चपलेने पाय जातो, हे मात्र सिद्ध करता येत नाही, कारण तो पाय पुढे सहा महिन्यांनी, दुसऱ्याच दवाखान्यात, दुसऱ्याच नोंदीखाली कापला जातो.

मापांची गोष्ट वेगळी. जिल्ह्याकडून मागणीपत्र जाते ते सहा ते दहा अशा मापांत. ज्यांची बोटे झिजली आहेत, ज्यांचे पाऊल आखूड आणि रुंद झाले आहे, त्यांच्या पायाचे माप या ओळीत कोठेच बसत नाही. ज्याला गरज सर्वाधिक, त्यालाच तयार चप्पल होत नाही. त्याच्यासाठी पायाचा आराखडा कागदावर काढून, कमानीला आधार देऊन चप्पल बेतावी लागते. स्वतंत्र यंत्रणा होती तेव्हा मोठ्या केंद्रांत चर्मकाम जाणणारा तंत्रज्ञ असे. विलीनीकरणानंतर डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता हे सारे सर्वसाधारण सेवेत सामावले गेले. चपला शिवणाऱ्याला सर्वसाधारण सेवेत सामावण्याजोगे पदच नव्हते. विलीनीकरणाच्या समर्थनार्थ वर जे लिहिले ते मी मागे घेत नाही, पण त्याची किंमत कोणी दिली हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक अडचण शासकीय नव्हे, समाजाची. पुष्कळ वर्षे या चपला एकाच रंगाच्या आणि एकाच ढबीच्या निघत. बाजारात त्या ओळखू येत. रोग अंगावर दिसत नसे, पण चपलेवरून तो कळे. मग माणसे ती घरात ठेवीत आणि लग्नाकार्याला साधी चप्पल घालून जात, म्हणजे नेमके जास्त चालावयाच्या दिवशी. पुढे रंग बदलले, वेल्क्रोच्या वाद्या आल्या, बाजारातल्या सँडलसारखे नमुने निघाले. ही सुधारणा किरकोळ वाटेल, पण पायातली चप्पल आणि कोनाड्यातली चप्पल यांत जो फरक आहे तोच तिचा उपयोग. त्यातच आपल्या रीतीप्रमाणे घरात आणि देवळात अनवाणी जावयाचे असते. दक्षिणेकडे राहणाऱ्या वाचकांनी मोठ्या मंदिरांची दगडी प्राकारे भर दुपारी अनुभवली असतील. शाबूत पायाचा माणूस तेथे उड्या मारीत सावली गाठतो. बधिर पायाचा माणूस शांतपणे प्रदक्षिणा पुरी करतो आणि रात्री मोजा काढल्यागत तळव्याची कातडी निघून येते. वारीच्या वाटेवरील डांबर काही निराळे नसते.

या हकिकतीचा दुसरा भाग परदेशात घडला. १९६६ साली ब्रँड लुइझियानातील कारव्हिल येथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की मधुमेहाच्या रुग्णांच्या पायाला पडणारे व्रण आणि वेल्लोरला पाहिलेले व्रण यांत फरक करता येत नाही. मधुमेहही वर्षानुवर्षांच्या साखरेने मज्जातंतू निकामी करतो. अशा जखमा रक्तपुरवठ्याअभावी होतात आणि पाय कापण्यावाचून गत्यंतर नाही, असा तेथील डॉक्टरांचा सर्वसाधारण समज होता. काहींच्या बाबतीत तो खरा होता, पण पुष्कळांच्या बाबतीत दोष बधिरतेचा आणि बुटाचा होता. कारव्हिलच्या मंडळींनी कुष्ठरुग्णांसाठी वापरली जाणारी तपासणी मधुमेहासाठी सोपी करून दिली. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवावयाचा. तो जाणवला नाही तर पाय धोक्यात. आज जगभरच्या मधुमेह दवाखान्यांत हाच तंतू वापरतात. १९९२ साली तेथून पाय वाचविण्याचा एक कार्यक्रमही सुरू झाला.

त्याच सुमारास अमेरिकेत वृद्धांच्या आरोग्यविम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, या विचाराला कायद्याचे रूप आले. १९८७ साली संसदेने प्रयोग म्हणून मान्यता दिली आणि १९९३ पासून धोक्यातील पायांच्या मधुमेही सदस्यांना वर्षाला खोल बुटांचा एक जोड आणि आतल्या गाद्यांचे तीन जोड मिळू लागले. डॉक्टरने पाय तपासून दाखला द्यावयाचा, बसवून देणाऱ्याने मापे घ्यावयाची. तेथेही कागदपत्रांचे रडगाणे आहे, आणि खोट्या मागण्यांचेही. पण तत्त्व मान्य झाले : साठीपुढच्या माणसाचे पादत्राण हा औषधाचाच एक भाग होय. वेल्लोरच्या चांभाराने शिवलेली चप्पल वॉशिंग्टनच्या विधेयकात जाऊन पोहोचली ती अशी.

भारतात ही चप्पल मधुमेहाकडे वळली ती मुख्यतः काही जिद्दी डॉक्टरांमुळे. चेन्नईच्या डॉ. विजय विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पूर्वी पायाला व्रण होऊन गेलेल्या २४१ मधुमेही रुग्णांचा नऊ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या चपला वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना नव्या जखमा झाल्या, एमसीआर वापरणाऱ्यांपैकी ४ टक्क्यांना. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी डॉक्टर आणि परिचारिकांच्या जोड्यांना पायाची निगा शिकविणारा उपक्रम चालविला, आणि तो पुढे अन्य देशांतही गेला. ज्ञान होते, रबर होते, चांभार होते.

सरकारी कार्यक्रमांच्या याद्यांत मात्र ते हळूहळूच झिरपले. २०१० साली मधुमेह, कर्करोग, हृदयविकार इत्यादींसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच सुमारास वृद्धांच्या आरोग्याचाही. वृद्धांच्या कार्यक्रमात उपकेंद्राने ठेवावयाच्या वस्तू दिल्या होत्या : काठ्या, कॅलिपर, वॉकर, खांद्याचे चाक, कप्पी, शेकण्याचा दिवा. पादत्राण त्यात नव्हते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर असल्याचे दाखविले. कुष्ठरोगाचा संपूर्ण इतिहास घेतला तरी इतके बधिर पाय या देशाने पाहिलेले नाहीत. एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात शेजारी-शेजारी बसलेल्या दोन वृद्धांपैकी एकाला चप्पल मोफत मिळते आणि दुसऱ्याला नाही. दोघांचे तळवे सारखेच बधिर, व्रणही सारखाच. फरक कार्यक्रमाच्या लेखाशीर्षाचा.

याला एक अपवाद निघाला, तोही आरोग्य खात्यातून नव्हे. १ एप्रिल २०१७ रोजी आंध्र प्रदेशातील नेल्लोर येथे सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. साठीपुढच्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना सहाय्यक साधने देणारी ही योजना. पुढे दरमहा १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांनाही ती लागू झाली. १९७२ साली स्थापन झालेला, कृत्रिम अवयव बनविणारा कानपूरचा सरकारी कारखाना, अलिम्को, साधने पुरवितो. आरंभी काठी, कुबड्या, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कवळी, चष्मा अशा वस्तूंची यादी होती. नंतर तीत कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा, कमोडची खुर्ची या वस्तूंबरोबर पायाच्या निगेचा संचही आला. महाराष्ट्राने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत पासष्टीपुढच्या पात्र व्यक्तीच्या खात्यात ३,००० रुपये जमा होतात आणि साधन ज्याने त्याने घ्यावयाचे असते.

शिबिरात संच मिळणे आणि पाय तपासून चप्पल मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिबिर वर्षा-दोन वर्षांतून एकदा भरते, छायाचित्रे निघतात, साहित्य वाटले जाते. एमसीआर रबर मात्र रोजच्या चालण्याने सहा महिने ते वर्षभरात आपला मऊपणा गमावते, आणि शिबिराच्या नोंदीत त्या जोडाची बदली कधी करावयाची याचा रकाना नसतो. कुष्ठरोग कार्यक्रमाची जुनी नोंदवही या बाबतीत अधिक शहाणी होती. तिच्यात नाव, बधिर जागांचा नकाशा, चपलेचे माप आणि पुढच्या जोडाची तारीख असे. चार रकाने. मधुमेहाच्या तपासणीसाठी साठीपुढची माणसे आता महिन्याला आरोग्य केंद्रात येतातच. त्यांच्या कार्डावर साखरेचा आकडा लिहिणाऱ्या परिचारिकेच्या हातात पेन असतेच. चप्पल काढावयास सांगणे, आणि तेच पेन तळव्याला टेकविणे, एवढे उरते.